खालच्या फळीची वाटचाल

संस्थेची वाटचाल लिहायला घेतली की आधी स्थापनेची तारीख शोधतात, मग पहिल्या कार्यकारिणीचा फोटो, उद्घाटनाचा पाहुणा आणि रौप्यमहोत्सवाची स्मरणिका. जालना जिल्ह्यातल्या ज्या संस्थेबद्दल इथे लिहायचं आहे, तिच्याकडे यातलं काहीच नव्हतं. घटना नाही, नोंदणी क्रमांक नाही, वार्षिक सभा नाही. असायची ती एखादी टपरी किंवा राहत्या घराची पुढची खोली, तीन-चार कपाटं, एक लांबट वही आणि गल्ल्यावर बसलेला मालक. भाड्याने पुस्तकं देणारं खासगी वाचनालय. गावाच्या तोंडी त्याचं नाव एकच, 'लायब्ररी'.

मराठी रहस्यकथा आणि भयकथा तीन-चार दशकं या लायब्ऱ्यांच्या जिवावर जगली. लेखक मुंबई-पुण्याचे, प्रकाशकही तिकडचेच. पण अंबडच्या, परतूरच्या किंवा भोकरदनच्या वाचकापर्यंत पुस्तक पोचवायचं आणि त्याचा बरावाईट निकालही लावायचा, ही दोन्ही कामं गल्ल्यावरचा माणूस करायचा. समीक्षकांनी या पुस्तकांकडे पाहिलं नाही, प्राध्यापकांनी ती अभ्यासक्रमात लावली नाहीत, सार्वजनिक ग्रंथालयांनी ती घेतली तर खालच्या फळीवर ठेवली. म्हणून ही वाटचाल त्या फळीची आहे.

कारभार साधा असे. सुरुवातीला अनामत, पुढे महिन्याची वर्गणी. ज्याला वर्गणी जड, त्याला दिवसाच्या भाड्याने. नवं पुस्तक आलं की त्याला पुठ्ठा आणि कापडाची बांधणी व्हायची आणि मूळ मुखपृष्ठ वरून चिकटवलं जायचं, कारण गिऱ्हाईक चित्र पाहून पुस्तक उचलायचं. मग शिक्के: पहिल्या पानावर, शेवटच्या पानावर आणि मालकाने मनाशी ठरवलेल्या एका मधल्या पानावर. पळवलेलं पुस्तक कुठेही सापडलं तरी त्या मधल्या शिक्क्यावरून ओळखता यायचं. आठवड्याची मुदत रहस्यकथेला लागतच नसे. सकाळी नेलेलं संध्याकाळी परत, आणि तेवढ्या वेळात घरातल्या चौघांचं वाचून झालेलं.

निजामाच्या राज्यातली कपाटं

विसाव्या शतकाच्या तोंडावर मनमाडहून हैदराबादकडे जाणारी रेल्वे जालन्यातून धावू लागली. त्याच सुमारास, 1900 साली, 'केरळ कोकिळ' या मासिकात ज्यूल व्हर्नच्या चंद्रप्रवासाचं मराठी रूप येऊ लागलं. मराठी विज्ञानकथेचा आरंभ अभ्यासक तिथून मोजतात. गोविंद नारायण दातारशास्त्री तेव्हा इंग्रज लेखक रेनॉल्ड्सच्या धर्तीवर 'कालिकामूर्ती', 'बंधुद्वेष', 'चतुर माधवराव' अशा अद्भुतरम्य कादंबऱ्या लिहीत होते. भुयारं, वेशांतरं, हरवलेले वारस आणि कटकारस्थानं हा त्यांचा माल. पुढच्या रहस्यकथेने त्यातला बराचसा उचलला आणि राजवाडा काढून तिथे मलबार हिलवरचा बंगला बसवला.

जालना त्या काळी निजामाच्या राज्यात होतं. सरकारी कामकाज उर्दूत चाले, शिक्षणही उर्दूत, आणि 1918 साली निघालेलं उस्मानिया विद्यापीठसुद्धा उर्दू माध्यमाचं. मराठी वाचनालय काढणं हीच तिथे चळवळ होती. 'गश्ती निशाण 53' या फर्मानामुळे परवानगीशिवाय सभा घेता येत नसे. वाचनालयात मात्र चार माणसं रोज एकत्र बसू शकत. या जागृतीतूनच महाराष्ट्र परिषद उभी राहिली आणि तिचं पहिलं अधिवेशन 1937 साली परतूरला, गोविंदराव नानलांच्या अध्यक्षतेखाली भरलं. अशा वाचनालयाच्या कपाटात टिळक, आगरकर, हरिभाऊ आपटे आणि ज्ञानेश्वरी असणार हे उघड आहे. पै-पैशाची वर्गणी काढून उभ्या केलेल्या संस्थेत खुनाच्या गोष्टीला जागा द्यावी असं कुणाला वाटलं नाही, आणि त्यात त्यांचं चुकलंही नाही. पण 'चांगलं पुस्तक' आणि 'वेळ घालवायचं पुस्तक' अशी जी दोन खाती तेव्हा पडली, ती नंतरही मिटली नाहीत.

उर्दू वाचणाऱ्याची मात्र चंगळ होती. लाहोरकडच्या तीरथराम फिरोजपुरींनी इंग्रजी-फ्रेंच गुन्हेगारी कादंबऱ्यांचे ढीगभर उर्दू अनुवाद केले होते. पुढे 1952 पासून अलाहाबादहून इब्ने सफींची 'जासूसी दुनिया' निघू लागली. लेखक त्याच वर्षी पाकिस्तानात गेले, तरी त्यांच्या कादंबऱ्या अलाहाबादला छापून येतच राहिल्या. त्यांच्या हिंदी आवृत्त्यांत कर्नल फरीदीचा कर्नल विनोद झाला आणि इमरानचा राजेश. नाव बदललं, तपास तोच. जालन्यासारख्या उर्दू, हिंदी आणि मराठी एकाच बाजारपेठेत बोलणाऱ्या गावात एकच गुप्तहेर दोन नावांनी वावरू शकत होता. मराठी रहस्यकथेचा इतिहास लिहिणारे मुंबईच्या पलीकडे फारसे पाहत नाहीत. मराठवाड्यातल्या वाचकाची चव मात्र या शेजारावरही पोसली गेली होती.

अर्नाळकरांचा जमाना

17 सप्टेंबर 1948 ला निजामाचं राज्य संपलं. 1956 मध्ये मराठवाडा द्विभाषिक मुंबई राज्यात आला आणि 1960 मध्ये महाराष्ट्रात. मराठी शाळा खेड्यांपर्यंत गेल्या आणि कितीतरी घरांतली पहिलीच शिकलेली पिढी वाचायला काहीतरी मागू लागली. ज्याला नुकतं वाचता येऊ लागलं आहे त्याला जोडाक्षरांनी भरलेलं वाक्य पेलत नाही, आणि ज्याच्या घरात कंदील एकच आहे त्याला पाचशे पानांची कादंबरी परवडत नाही. या वाचकासाठी पुस्तक आधीच तयार होतं. ते बाबूराव अर्नाळकरांचं.

खरं नाव चंद्रकांत सखाराम चव्हाण. जन्म 1906 चा, मृत्यू 1996 चा. स्वातंत्र्याच्या चळवळीत तुरुंग पाहिलेला हा माणूस मुंबईत चष्म्याचं दुकान चालवत असे. त्यांच्या रहस्यकथांची संख्या हजाराच्या वर गेली. धनंजय हा बुद्धीवर चालणारा गुप्तहेर आणि त्याच्या हाताखाली छोटू. झुंजार कायद्याच्या कडेकडेने चालणारा साहसवीर, आणि संकटात त्याच्या बरोबरीने उतरणारी त्याची बायको विजया. काळा पहाड श्रीमंत बदमाशांना लुटणारा बुरखेधारी. तीन नायक म्हणजे तीन चवी. गल्ल्यावरही पुस्तकाचं नाव सांगून मागणी होत नसे. 'झुंजार आहे का नवा?' एवढं विचारलं की पुरे.

आज ही पुस्तकं वाचताना आधी जाणवते ती भाषा. वाक्यं आखूड, संवाद भरपूर, वर्णन कामापुरतं. पात्र खोलीत शिरलं की दोन ओळींत खोली दिसते आणि तिसऱ्या ओळीला टेलिफोन वाजतो. प्रकरण अशा ठिकाणी तुटतं की पान उलटावंच लागतं. आधीच्या पिढीच्या संस्कृतप्रचुर मराठीपुढे हे गद्य किती मोकळं होतं, ते दातारशास्त्री आणि अर्नाळकर पाठोपाठ वाचल्यावर ध्यानात येतं. पाठ्यपुस्तकाबाहेरचं पहिलं पुस्तक म्हणून अर्नाळकर हाती आलेला वाचक वेगाने वाचायला शिकला. पुढे तो खांडेकर-फडक्यांकडे गेला की आणखी कुठे, हा त्याचा प्रश्न.

या पुस्तकांची घडण लायब्ररीच्या हिशेबाने झालेली होती. रहस्यकथा विकत घेऊन घरी ठेवणारा वाचक विरळा, प्रकाशकाचं मोठं गिऱ्हाईक लायब्ररीच. म्हणून पुस्तकं मालेत निघत, ठरल्या वेळी संच येई आणि मागच्या पानावर पुढच्या पुस्तकाची जाहिरात असे. पानं एका बैठकीत संपतील इतकीच, कारण पुस्तक जितक्या लवकर परत येईल तितकं भाडं जास्त. या गणिताची किंमत कथेला मोजावी लागली. पहिली ऐंशी पानं ऐटीत जातात आणि मग पानांचा कोटा संपत आल्यासारखा लेखक घाईला येतो. खुनी एकाएकी सापडतो, तो सविस्तर कबुली देतो, आणि मध्येच सोडून दिलेले दोन धागे एका परिच्छेदात गुंडाळले जातात. हा दोष एकट्या लेखकाचा नाही. लायब्ररीने रहस्यकथेला वाचक मिळवून दिला आणि तिची उंचीही ठरवून टाकली.

गल्ल्यावरचा निकाल

1970 च्या दशकात मागणी इतकी वाढली की एकट्या अर्नाळकरांनी भागेना. मूळचे गोव्यातल्या साखळीचे गुरुनाथ नाईक याच सुमारास या धंद्यात उतरले आणि बाराशेच्या घरात कादंबऱ्या लिहून गेले. कॅप्टन दीप हा त्यांचा गाजलेला नायक. युद्ध, हेरगिरी आणि सीमेपलीकडच्या मोहिमा हा त्यांचा प्रांत. 1965 आणि 1971 च्या लढायांनंतरच्या वाचकाला चोरलेल्या हिऱ्यापेक्षा पळवलेला लष्करी नकाशा जवळचा वाटला, तर नवल नाही. 2021 मध्ये गोव्यातच त्यांचं निधन झालं. पुण्याच्या सुहास शिरवळकरांनी दारा बुलंद, मंदार पटवर्धन, फिरोज इराणी आणि बॅरिस्टर अमर विश्वास असे नायक उभे केले, कॉलेजच्या पोरांची बोली थेट छापली आणि 'दुनियादारी'ने रहस्यकथेबाहेरही आपला वाचक नेला. रमेश मंत्रींनी जनू बांडे आणून हेरकथेचीच टर उडवली. विडंबन निघालं म्हणजे प्रकार घराघरांत पोचला असं खुशाल समजावं.

जालनाही तेव्हा बदलत होतं. 1964 मध्ये इथे महिको ही बियाण्यांची कंपनी उभी राहिली, पुढे लोखंडाचे कारखाने वाढले आणि 1 मे 1981 ला औरंगाबाद जिल्ह्यातून वेगळा होऊन जालना जिल्हा झाला. पाळीने काम करणारा माणूस, शिकायला खोली करून राहिलेला खेड्यातला मुलगा, दुपारची कामं उरकून बसलेली बाई, एसटीची वाट पाहणारा फिरता विक्रेता, असे सगळे त्या वहीत शेजारी शेजारी असत. वर्गणीदाराची जात, शिक्षण, पगार काही न विचारता एकच कपाट सगळ्यांपुढे उघडणारी दुसरी जागा गावात शोधून काढावी लागली असती.

आणि इथेच समीक्षा चाले, तीही रोख. 'हे नका नेऊ, शेवट गुंडाळलाय.' 'याचं मागचंच बरं होतं.' 'बायकोला देऊ नका, रात्री दिवा मालवू देणार नाही.' मालकाला हा निकाल देणं भाग होतं. वाईट पुस्तक गळ्यात मारलं तर गिऱ्हाईक पलीकडच्या गल्लीतल्या लायब्ररीत जाणार. वाचकही आपलं मत पुस्तकातच नोंदवून ठेवायचे. समासात 'बंडल', 'फर्स्ट क्लास', एखाद्या चुकीच्या तारखेखाली खणखणीत रेघ. एखादा खवट प्राणी पहिल्याच पानावर पेन्सिलीने खुन्याचं नाव लिहून ठेवायचा. कित्येक प्रतींची शेवटची पानं तर निखळून हरवलेली असत आणि तो अख्खा तपास तोंडी पुरा करून देणं हे मालकाच्या सेवेत धरलेलं असे.

छापील समीक्षेने मात्र तोंड उघडलं नाही. लोकप्रिय कथेचं बारकाईने वाचन झालं ते कोर्टात. 'रंभा' मासिकाच्या 1962 च्या दिवाळी अंकातल्या चंद्रकांत काकोडकरांच्या 'श्यामा' या कथेवर अश्लीलतेचा खटला झाला. तो सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला आणि 1969 मध्ये लेखक निर्दोष ठरला. कथा काय सांगते, कुठला प्रसंग कशासाठी येतो, पात्राचा हेतू काय, असे साहित्याचे प्रश्न न्यायमूर्तींनी हाताळले. मराठी समीक्षकांनी तेवढीही तसदी घेतली नव्हती.

भीतीचं खातं

भयकथेची वाट थोडी निराळी. अनंत अंतरकरांनी 1946 मध्ये 'हंस' काढलं आणि त्याच्या जोडीने पुढे 'मोहिनी' आणि 'नवल' उभी केली. अद्भुत, गूढ, थरारक कथेला मराठीत हक्काचं मासिक मिळालं ते 'नवल'चं. संपादकाच्या कात्रीखालून गेलेली कथा आणि महिन्याच्या संचात घाईने कोंबलेली कादंबरी यांतला फरक साध्या वाचकालाही कळत होता. 'नवल'चे दिवाळी अंक म्हणूनच लायब्ररीत वर्षभर फिरत, पार लक्तरं होईपर्यंत.

नारायण धारप (1925–2008) रसायनशास्त्रातले. त्यांच्या भयकथेत सुरुवातीला काही घडत नाही, आणि तेच त्यांचं बळ. नोकरी करणारा, हिशेबी, भुताखेतांवर विश्वास नसलेला माणूस नव्या घरात राहायला येतो. जिना, मोरी, बंद खोली यांची मापं दिल्यासारखं वर्णन होतं. मग एका मापात फरक पडतो. त्यांच्या मालिकेतला समर्थ हा अतींद्रिय संकटांशी लढतो आणि त्या लढाईचं वर्णन धारप प्रयोगशाळेतल्या नोंदीसारखं करतात. समर्थ रामदासांचं जांब ज्या जिल्ह्यात आहे तिथल्या वाचकाला हे नाव निराळं समजावून सांगावं लागत नव्हतं. धारपांचं परक्या पुस्तकांशी नातंही लपलेलं नाही. 'लुचाई'मागे स्टीफन किंगची 1975 ची 'सेलम्स लॉट' उभी आहे, 'शपथ'मागे 1986 ची 'इट'. पण अमेरिकेतलं छोटं गाव मराठी करताना त्यांनी वाडा, नाती, देवघर आणि गावकीचं दडपण असं काही बसवलं की भीती इथलीच वाटावी. रूपांतर म्हणजे कमअस्सल हा शेरा मारण्याआधी दोन्ही पुस्तकं शेजारी ठेवून पाहायला हवीत.

रत्नाकर मतकरींनी तिसरा रस्ता काढला. त्यांची गूढकथा भुताच्या मागे लागत नाही, माणसाच्या मनातल्या खोटेपणाच्या मागे लागते. नाटककार म्हणून त्यांचं नाव मोठं होतं, म्हणून त्यांच्या 'खेकडा'ला वरच्या फळीवर जागा मिळाली. धारप खालीच राहिले. दोघांना नेणारा वाचक एकच होता.

विज्ञानकथेला दार मिळालं

लायब्ररीच्या कपाटात विज्ञानकथा रहस्यकथेच्या शेजारीच असे. भा. रा. भागवतांनी व्हर्नला मराठी मुलांच्या घरात आणलं होतं. पण या प्रकाराचं नशीब फिरलं ते एका रीतसर संस्थेमुळे. मराठी विज्ञान परिषदेची स्थापना मुंबईत 1966 मध्ये झाली आणि 1970 पासून तिने विज्ञानकथा स्पर्धा सुरू केली.

स्पर्धा म्हणजे काय असतं? एक तारीख, काही नियम, नाव न पाहता वाचणारे परीक्षक आणि जाहीर निकाल. 1974 च्या स्पर्धेत 'कृष्णविवर' ही कथा पहिली आली. लेखकाचं नाव होतं नारायण विनायक जगताप. खरे लेखक जयंत विष्णू नारळीकर, तेव्हा केंब्रिजहून परतून मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेत काम करणारे. अहमदाबादच्या एका परिसंवादात कंटाळवाणं व्याख्यान चालू असताना त्यांनी ती लिहायला घेतली होती. आपल्या नावाची आद्याक्षरं उलटी करून त्यांनी टोपणनाव घेतलं आणि अक्षर ओळखू येऊ नये म्हणून पत्नी मंगला यांच्याकडून नक्कल करून घेतली. जगप्रसिद्ध शास्त्रज्ञालाही कथेवरच पास व्हायचं होतं, आणि संस्थेची रीत अशी होती की ते जमलं. पुढे 'किर्लोस्कर'सारख्या मासिकांनी त्यांच्याकडून कथा मागवल्या. 1975 च्या कऱ्हाड साहित्य संमेलनात अध्यक्ष दुर्गा भागवतांनी त्यांच्या विज्ञानकथेची दखल घेतली. 'यक्षांची देणगी' आलं, आणि 2021 च्या नाशिकच्या 94 व्या संमेलनाचं अध्यक्षपदही त्यांच्याकडे चालून आलं. लक्ष्मण लोंढे, बाळ फोंडके, निरंजन घाटे, सुबोध जावडेकर अशी फळीच उभी राहिली. कथेत विज्ञान किती असावं, ते काढून घेतलं तर कथा उरते का, यावर वाद झडले आणि वादांतून कसोट्या तयार झाल्या.

रहस्यकथेच्या वाट्याला असं काही आलं नाही. धनंजयच्या तपासात धागेदोरे वाचकापुढे प्रामाणिकपणे मांडलेत की लेखकाने पत्ता लपवला, याची चर्चा करायला परिषद नव्हती, परीक्षक नव्हते. 1975 ची विज्ञानकथा आज संदर्भासह मिळते. त्याच वर्षीची रहस्यकथा मिळाली तर रद्दीत मिळते. या दोन प्रकारांच्या दर्जात जेवढं अंतर आहे, त्याहून कितीतरी जास्त अंतर त्यांच्या जतनात पडलं, आणि ते संस्था असण्या-नसण्यामुळे पडलं.

उतार, आणि पुन्हा छपाई

मुंबई दूरदर्शन 1972 मध्ये सुरू झालं. मराठवाड्याच्या गावांत टीव्हीचा रेटा जाणवला तो बराच नंतर. मग व्हिडिओ आला, केबल आली, आणि 1998 मध्ये सुरू झालेल्या 'सीआयडी'त शिवाजी साटम दर आठवड्याला घरबसल्या खुनी पकडून देऊ लागले. रात्रीच्या जेवणानंतरचा जो तास लायब्ररीच्या पुस्तकाचा होता, तो गेला. कागद महागला, माला थांबल्या. एकेका लायब्ररीत आधी सीडी आल्या, मग मोबाइलची रिचार्ज कार्डं, आणि शेवटी कपाटं वजनावर गेली. अनुदानावरच्या सार्वजनिक ग्रंथालयांनी तग धरला. 1967 च्या महाराष्ट्र सार्वजनिक ग्रंथालय अधिनियमाने त्यांना अ, ब, क, ड असे वर्ग आणि सरकारी आधार दिला होता. खासगी लायब्ररी ना कुठल्या वर्गात, ना कुठल्या यादीत. ती बंद पडल्याची नोंदसुद्धा कुणाच्या दप्तरात नाही.

मग उलटा वारा सुटला. 'दुनियादारी' 2013 मध्ये पडद्यावर आली, भा. रा. भागवतांचा फास्टर फेणे 2017 मध्ये. 2018 च्या 'तुंबाड'ची पाळंमुळं धारपांच्या 'आजी' या कथेपर्यंत पोचतात असं कळल्यावर ज्यांनी कधी धारप वाचले नव्हते तेही पुस्तक शोधू लागले. राजहंस प्रकाशनाने सतीश भावे यांच्या संपादनाखाली निवडक अर्नाळकर नव्याने छापले. धारपांची पुस्तकं पुन्हा दुकानात आणली ती आपल्या शेजारच्या औरंगाबादच्या, म्हणजे आताच्या छत्रपती संभाजीनगरच्या, साकेत प्रकाशनाने. बाबा भांड यांच्या याच साकेतने भालचंद्र नेमाड्यांचं 'टीकास्वयंवर' काढलं होतं, ज्याला साहित्य अकादमीचा पुरस्कार मिळाला. मराठीतली सगळ्यात झणझणीत समीक्षा आणि सगळ्यात गाजलेली भयकथा एकाच प्रकाशकाच्या यादीत येतात, तेव्हा वरच्या आणि खालच्या फळीतलं अंतर मराठवाड्यातच थोडं मिटलं असं म्हणायला हरकत नाही.

आता वाचायचं कसं

नव्या आवृत्त्यांच्या स्वागतात एक धोका आहे. सगळं गोड आठवणींवर चाललं आहे. 'आमच्या लहानपणी' म्हटलं की पुस्तकाचे दोष माफ होतात. पण जुन्या रहस्यकथेचा मान राखायचा तर तिचा परखड निकाल लावायला हवा. कथानक कुठून आलं, आणि उसनं असेल तर इथे आणताना लेखकाने स्वतःचं काय घातलं? धागेदोरे वाचकासमोर ठेवले की शेवटी खिशातून काढले? गुन्हेगार कोण ठरतो, कुरूप माणूस, परप्रांतीय, 'बदफैली' बाई? विजयासारखी धीट नायिका रचणाऱ्या अर्नाळकरांच्या काळातल्या असंख्य पुस्तकांत बाकीच्या बायकांना किंचाळण्यापलीकडे काम नाही, हे सांगायला लाजू नये. लष्करी हेरकथेत शत्रू माणूस आहे की नुसतं निशाण? आणि शेवटचा प्रश्न गल्ल्यावरचाच: रात्री दहाला हातात घेतलेलं पुस्तक बारापर्यंत खाली ठेववतं का?

हे काम जालन्यात होऊ शकतं. तालुक्याच्या सार्वजनिक ग्रंथालयांत अशा प्रती अजून निघतात आणि दरवर्षी जीर्ण म्हणून बाद होणाऱ्या ढिगात त्यांचा नंबर पहिला लागतो. बाद करण्याआधी प्रत्येक पुस्तकाची एक नोंद करावी: लेखक, माला, साल, किंमत, मूळ इंग्रजी पुस्तक कळलं तर त्याचं नाव, समासातले शेरे, आणि वाचणाऱ्याचा पाच ओळींचा निकाल. महाविद्यालयातल्या मराठीच्या विद्यार्थ्यांना हा प्रकल्प म्हणून देता येईल. त्यासाठी नवी इमारत नको, अनुदान नको, नीट छापलेला एक तक्ता पुरे. लायब्ररीचा मालक हे सगळं तोंडी करत होता आणि त्याच्याबरोबर ते गेलं. लिहून ठेवलं तर तो निकाल पुढच्या वाचकालाही तपासता येईल, खोडता येईल. हजार पुस्तकांतली नऊशे सुमार निघाली तरी बिघडत नाही. उरलेली शंभर कोणती, हे छातीठोकपणे सांगायला हजार वाचलेला माणूस लागतो, आणि तो तयार करणं हे आता ग्रंथालयांचं काम आहे.